गुलाबाई आणि ओट्यावरचा फोकस

नशिराबादला आमच्या गल्लीत आमचं घर कुठलं, हे गेल्या वर्षी कोणाला विचारावं लागत नव्हतं. ज्या दारावर संध्याकाळी भर दुपार झाल्यासारखं वाटायचं, ते आमचं. तिथला फोकस, म्हणजे झगझगीत मोठा दिवा, मी लावला होता. कोणी सांगितलं नसताना, आईला नको असताना आणि वर एक रजा टाकून. घरातलं एखादं चालू काम बंद पाडायचं असलं की ते माझ्याकडे द्यावं, असं माझी बायको म्हणते. या वेळी तर कोणी दिलंही नव्हतं. मी आपणहून घेतलं.

मी जळगावला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. पाइपांच्या कारखान्यात नोकरी करतो. आमच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, बाल्कनीला जाळी आहे, आणि दार आपोआप लोटून घेणारी ती लोखंडी दांडी आहे. आमच्याकडे माणसं तर फार येत नाहीतच, पण किडासुद्धा येत नाही. एखादा डास आला तर बायको आणि मी दोघं उठून त्याच्या मागे लागतो. खरं सांगायचं तर तेवढीच आमची दोघांची मिळून करायची गोष्ट उरली आहे.

आबा गेल्यावर आई नशिराबादला एकटी राहिली. आबा म्हणजे माझे वडील. आईला जळगावला चल म्हणून मी किती वेळा म्हटलं असेन. ती दर वेळी म्हणायची, "तिथी ओटा नाही." मी म्हणायचो, बाल्कनी आहे. ती माझ्याकडे असं बघायची की जणू मी भाकरीच्या ऐवजी बिस्किट पुढे केलंय. मग मी विषय बदलायचो. एकटी बाई, रात्री कोणी दार वाजवलं तर बाहेर काय दिसणार, पायरीवरून पाय घसरला तर, अशी माझी काळजी वाढत गेली. काळजी वाढली की मी बाजारात जातो. जळगावच्या बाजारातून तो पांढऱ्याशुभ्र उजेडाचा फोकस आणला. साधा नव्हता तो. त्याला सेन्सर होता. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप विझणार. आईला उठून बटणापर्यंत जायला नको म्हणून मी वायरमनला सांगून त्याचं बटणच ठेवलं नाही. किती विचार केला होता मी. आजही आठवलं की कान गरम होतात.

तेव्हा उन्हाळा होता. चैत्रात कोरड्या हवेत कसला किडा आणि कसलं पाखरू. फोकस लागला आणि गल्ली उजळली. समोरचे काका म्हणाले, आता पेपर वाचायला तुमच्याच ओट्यावर येत जातो. मी खूश. आई डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली फक्त.

आबा असते तर त्यांनी तो फोकस लावूच दिला नसता. उजेडाशी आबांचा व्यवहार फार जपून होता. ओट्यावर एक पिवळा बल्ब होता, भिंतीच्या कडेला, त्यावर पत्र्याची टोपी. तोही जेवायच्या वेळी बंद. पावसाळा सुरू झाला की आमची जेवणं ओट्यावर, आणि उजेड फक्त घरातून उंबऱ्यावर सांडेल तेवढा. ताट दिसायचं, वरण दिसायचं, वरणातली मिरची मात्र दिसायची नाही. ती दाताखाली आल्यावर कळायची. कोणी बल्ब लावायला हात वर केला की आबा म्हणायचे, "राहू दे. पाखरं येतीन ताटात." बस्स, एवढंच. शेतातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या गावाच्या एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला कापूस आणि मका. श्रावणात दिवा लावला की सगळं शिवार दिव्याकडे चालत येतं, उडत येतं.

जेवणं झाली की तसंच अंधारात बसायचं. जाणारा येणारा दिसायचा नाही, पण कळायचा. कोणाची चप्पल फटफट करते, कोण खोकून जातं, कोण सायकल हातात धरून चालतं. आबा न बघता म्हणायचे, "या, बसा." माणूस बसायचा. बोलणं चालायचं. उजेडात आबा फार बोलत नसत. अंधारात मात्र बोलायचे. एकदा असेच बोलता बोलता म्हणाले, मी मॅट्रिकला नापास झालो तेव्हा केळीच्या बागेत जाऊन रडलो होतो, घरी कोणाला माहीत नाही. मी तेव्हा दहावीत होतो आणि माझी परीक्षा जवळ आली होती.  दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू काल रात्री काही बोललेच नाहीत ते. तसं बोलणं मला पुन्हा कधी कोणाकडून ऐकायला मिळालं नाही. माझा मुलगा पुण्याला असतो. आम्ही व्हिडिओवर बोलतो. दोघांच्या तोंडावर भरपूर उजेड असतो.

तर फोकस. पाऊस स्थिरावला आणि पाखरं यायला लागली. आधी चिलटं, मग हिरवे तुडतुडे, मग पंखांच्या मुंग्या, मग काळे भुंगेरे जे भिंतीवर आपटून पाठीवर पडतात आणि पाय हलवत राहतात. पतंग तर किती जातीचे. त्यांच्यामागून पाली आल्या, पालींमागून खाली बेडूक. हे सगळं मला कळलंच नाही, कारण मी जायचो रविवारी दुपारी, जेवून, जरा लवंडून, ऊन उतरायच्या आत परत. उजेडी जायचो, उजेडी यायचो. आईनं सांगितलं नाही. तिनं तिच्या परीनं सगळं करून पाहिलं होतं. दिव्याजवळ तेल लावलेला कागद टांगला. खाली परातीत पाणी ठेवलं. कडुनिंबाचे टाळे बांधले. शेवटी काठीनं फोकसवर एक गोणपाट टाकलं, तर वाऱ्यानं ते समोरच्या काकांच्या अंगणात जाऊन पडलं. फोकसला बटण नव्हतं हे मी आधी सांगितलंच आहे. आई जेवायला घरात बसायला लागली, दार लोटून.

इथपर्यंत ठीक होतं म्हणा. माणूस घरात जेवू शकतो. पण मग भादव्यातली पुनव आली आणि गुलाबाई बसली.

आमच्याकडे गुलाबाई म्हणजे पाटावर बसवलेली मातीची पार्वती, आणि पोरींचा महिना. कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात. ज्या घरी गुलाबाई बसली असेल तिथे बसून गाणी म्हणायची, मग त्या घरचा खाऊ ओळखायचा. झाकण लावलेला डबा कानाशी धरून हलवायचा आणि आत काय ते सांगायचं. ओळखला तर त्यांची जीत, नाही ओळखला तर घरच्या बाईची. आमच्या घरी गुलाबाई बसली ती ताईसाठी. ताई माझी मोठी बहीण. ती लग्न होऊन शिरपूरला गेली, तेव्हा घरात पोर राहिली नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता कशाला बसवता. आई म्हणाली, गल्लीत पोरी आहेत ना. आणि तिनं गुलाबाई बसवत ठेवली, दर वर्षी, ताईच्या मुली मोठ्या होऊन त्यांचीसुद्धा लग्नं झाली तरी.

खाऊच्या बाबतीत आईचा गल्लीत दरारा होता. ती खारे दाणे ठेवायची, पण फडक्यात बांधून, म्हणजे आवाज येत नाही. कधी डांगराचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, घारे ठेवायची आणि वर दोन सुपाऱ्या टाकायची, म्हणजे पोरी म्हणणार बदाम. दुपारपासून ती त्याच विचारात असायची. पोरी डबा हलवून हलवून थकायच्या, मग चिडायच्या, "आजी, तुम्ही चिटिंग करतात." आई गालातल्या गालात हसायची. वर्षभरात असं हसताना मी तिला फार पाहिलेलं नाही.

मला लहानपणी यातलं काहीच करायला मिळत नसे. मुलगा म्हटला की, "जा रे तिकडे." मी ओट्याच्या कोपऱ्यातल्या खांबामागे बसायचो. अंधारात ताईचा आवाज वेगळा कळायचा. ती दुसऱ्या ओळीला आवाज चढवायची आणि बाकीच्या पोरी तिच्यामागून धावत आल्यासारख्या यायच्या. मला गाण्यांचे शब्द आजही पाठ आहेत. मुलगा असल्यामुळे ते मी आयुष्यात कुठेच वापरू शकलो नाही.

गेल्या वर्षी गुलाबाई बसली आणि पहिल्या संध्याकाळी पोरी आल्या. एक गाणं झालं नाही तोवर एकीच्या वेणीत भुंगेरा अडकला. ती किंचाळत गल्लीभर पळाली. डब्याचं झाकण काढलं तर घाऱ्यांवर पंखच पंख. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरी आल्या, ओढण्या डोक्यावरून घेऊन, आणि एकच गाणं उभ्यानं म्हणून गेल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आजी, आम्ही आधी तिकडून जाऊन येतो. तिकडे म्हणजे गल्लीच्या टोकाला नव्या बंगल्यात, तिथे हॉलमध्ये गुलाबाई होती, दाराला जाळी, वर पंखा. त्या तिकडून जाऊन आल्या नाहीत. पोरींचं काय चुकलं. मीसुद्धा तिकडेच गेलो असतो.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला आला तो आईचा फोन. आई फोनवर नेहमी मोठ्यानं बोलते, मधलं अंतर आवाजानं भरून काढायचं असल्यासारखी. त्या दिवशी हळू बोलली. म्हणाली, "भाऊ, गुलाबाई उठली की मी येते तुझ्याकडे राहाले."

मी म्हटलं, किती दिवस?

"राहालेच येते. दिवस काय मोजतो."

मी फोन ठेवला. बायको भाजी निवडत होती. तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, अरे चांगलंच झालं की, किती वर्षं मागे लागला होतास, मग तोंड असं का?  मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली रिक्षा, समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या तशाच बाल्कन्या. आई इथे आली की नशिराबादच्या दाराला कुलूप लागणार. मग मी रविवारी कुठे जाणार? पन्नाशी उलटलेल्या माणसानं असा विचार करणं बरं दिसत नाही. पण आईला जळगावला चल म्हणून इतकी वर्षं घोकताना मी हे कधी धरलंच नव्हतं, की ती खरंच येईल.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. अंधार पडला. फोकस आपोआप लागला. आणि मग मी पाहिलं. पाच मिनिटांत ओटा हलायला लागला. भिंत, खांब, पायरी, सगळं सरपटत होतं. माझ्या शर्टाच्या कॉलरमधून काहीतरी आत गेलं आणि मी काकांसमोर नाचलो. काका म्हणाले, पोरी येत नाहीत आता, तुम्हीच टिपऱ्या घ्या.

आत देवघराशेजारी पाटावर गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी बसलेले होते. आई त्यांच्यापुढे एकटीच. मांडीवर झाकण लावलेला डबा. मी विचारलं, पोरी येत नाहीत हे मला सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं लावला. अन् सांगून काय होते."

मी म्हटलं, मग म्हणून जळगावला येतेस?

डब्याच्या झाकणावरून ती हात फिरवत राहिली. म्हणाली, "पोरी नाही तं कशाची गुलाबाई. येत्या साली बसवतच नाही. मंग इथी काय राह्यलं माझं?"

दुसरा एखादा असता तर त्यानं तिथल्या तिथे शिडी लावून फोकस काढला असता. मी काढला नाही. माझ्या डोक्यात वेगळंच आलं. मला वाटलं, किडे आहेत म्हणून पोरी येत नाहीत, तर किडे मारावे. आमच्या भागात कापसातली बोंडअळी येऊ नये म्हणून शेतकरी शेतात प्रकाश सापळा लावतात. वर एक निळसर दिवा, खाली नरसाळं, त्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं. रात्री पतंग दिव्याकडे येतात, नरसाळ्यातून घसरून पाण्यात पडतात. मी रजा टाकून तिथेच राहिलो आणि दुसऱ्याच दिवशी कृषी केंद्रातून एक सापळा आणला. दुकानदारानं विचारलं, कुठल्या पिकासाठी? मी म्हटलं, घरासाठी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बांधून दिला. गिऱ्हाईकाला शहाणं करणं हा काही त्याचा धंदा नव्हता.

तो मी ओट्याच्या मधोमध टांगला. फोकसच्या खाली. आई म्हणाली, हे कशाले? मी म्हटलं, उद्यापासून पोरी येतील बघ.

त्या संध्याकाळचं काय सांगावं. आतापर्यंत नुसत्या फोकसला जे किडे येत होते ते आसपासचे होते. सापळ्याचा दिवा शेतातल्या पतंगांना बोलावण्यासाठीच केलेला. तो लागला आणि पलीकडच्या कापसातून, मक्यातून, पार केळीच्या बागांपासून जे जे उडू शकत होतं ते आमच्या ओट्यावर आलं. घमेलं पाचव्या मिनिटाला भरलं. बाकीचे जागा शोधत माझ्या अंगावर. पाली इतक्या जमल्या की त्यांची आपसात मारामारी सुरू झाली. मी आत पळालो आणि दार लावलं. खिडकीच्या काचेवर आपटण्याचा आवाज येत होता, बाहेर कोणी मूठमूठ ज्वारी फेकतंय असा. आई पाटाशी बसून राहिली होती. थोड्या वेळानं तिनं शांतपणे विचारलं, "अजून कोणी यायचे राह्यले का?"

मी ताईला फोन लावला. रडकुंडीला आलो होतो. ताई शिरपूरला राहून आता निम्मी अहिराणी झाली आहे. कापसाच्याच घरात दिली तिला. मी सगळं सांगितलं, फोकस, सेन्सर, पोरी, आईचं जळगावला येणं, सापळा. सापळा कुठे टांगला हे सांगितल्यावर पलीकडून आवाजच बंद झाला. मला वाटलं फोन कटला. ती हसत होती. हसून झाल्यावर म्हणाली, "भाऊ, बठ्ठा शिवारना किडास्ले आवतन दिधं का रे?" सगळ्या शिवारातल्या किड्यांना जेवायचं निमंत्रण दिलंस का, असं तिचं म्हणणं. मग मराठीत आली आणि मोठ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, अरे, सापळा शेतात लावतात, घरापासून लांब, म्हणजे किडा तिकडे जातो. तू दारातच लावलास. अन् दारात पांढरा दिवा कशाला, त्यावरच किडा जास्त येतो. आबांचा पिवळा बल्ब कुठे आहे?

मी म्हटलं, माळ्यावर असेल.

मग तिनं विचारलं ते वेगळं होतं. आई खरंच जळगावला येते म्हणाली?

मी हो म्हटलं.

ताईनं पलीकडे कोणाला तरी बसची वेळ विचारली. मग म्हणाली, "मी येते उद्या."

ती आली. शिरपूरहून चोपड्यावरून बसनं, गुडघे दुखत असताना. पिशवीत टिपऱ्या होत्या, तिच्या मुलींच्या लहानपणच्या. आल्या आल्या तिनं मला शिडीवर चढवलं. खाली उभी राहून सूचना देत होती आणि काका त्यांच्या ओट्यावरून आणखी सूचना देत होते. फोकसची वायर काढली. माळ्यावरचा पिवळा बल्ब शोधला, पुसला. तो बाहेर नाही, आतल्या खोलीत दाराजवळ लावला, पत्र्याच्या टोपीसकट. सापळा काकांना दिला, त्यांच्या कापसात लावायला. काका म्हणाले, इतका किडा तुमच्याकडे होता तोवर माझं पीक बरं होतं. आई हे सगळं दारातून बघत होती. ताई म्हणाली, आई, खाऊ कर. आई म्हणाली, "कोणासाठी?" ताई म्हणाली, तू कर.

मला वाटलं आता ताई घरोघर जाऊन पोरींना बोलावून आणेल. मी तसं सुचवलं. आई एकदम म्हणाली, बोलावून आलेल्या पोरी नकोत मला. तोंडदेखल्या येतील, पाय हलवत बसतील. ताईनं पिशवीतून टिपऱ्या काढल्या.

अंधार पडला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच पडला. ओट्यावर आतल्या बल्बची एक पट्टी फक्त उंबऱ्यावरून पायरीपर्यंत. दोनचार चिलटं होती, ती आतल्या बल्बकडे गेली. वर चंद्र होता, कोजागरी जवळ आली होती, पण गल्ली अजून घरांच्या सावलीत होती. ताई खाली बसली. बसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आई उंबऱ्यात, मांडीवर डबा. मी माझ्या जुन्या जागी, खांबामागे, कोणी सांगितलं नसताना.

ताईनं टिपऱ्या वाजवल्या आणि पहिलं गाणं सुरू केलं. तिचा आवाज आता जाड झालाय. मधेच दम लागला, थांबली, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिनं आवाज चढवला, आणि तो चढला नाही, फाटला. मागून धावत येणारं कोणी नव्हतं. गाणं संपलं. गल्ली शांत. टोकाच्या बंगल्यातून टीव्हीचा आवाज येत होता. आईनं डब्यावरचा हात काढला नाही, पण मान खाली घातली. मी खांबामागे बसून मनातल्या मनात त्या पोरींच्या विनवण्या करत होतो, यायला सांगत होतो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कुठल्या गोष्टीची इतकी वाट पाहिली नसेल.

ताईनं दुसरं गाणं धरलं. आणि मधेच, तिला शब्द सुचेना. ती थांबली. तेव्हा अंधारातून, पायरीच्या खालून, एका पोरीनं पुढची ओळ म्हटली. कोण होती दिसलं नाही. ताईनं ती ओळ उचलली. मग दुसरा आवाज आला, मग चपलांची फटफट, मग टिपऱ्या. पोरी येऊन बसल्या. एकीनं मोबाइलची बॅटरी लावली, तर दुसरीच तिच्यावर ओरडली, बंद कर, किडे येतात. ताई कडेला सरकली, गाणं त्यांच्याकडे देऊन.

गाणी झाल्यावर खाऊ आला. पोरी डबा कानाशी धरून हलवत होत्या. बदाम, चकली, फुटाणे. एक म्हणाली, आजी, यात काही नाहीच. आई म्हणाली, आहे. तेवढ्यात त्यांच्यातली एक थोराड पोर, तीच वेणीतल्या भुंगेऱ्याची, म्हणाली, "आजी, तुम्ही जळगावले चालल्या म्हणे कायमच्या?"

डबा हलवायचा थांबला. ताईनं आईकडे पाहिलं नाही, टिपऱ्यांकडे पाहत राहिली. मी खांबाला डोकं टेकून बसलो होतो.

आई म्हणाली, "दिवाळीले जाईन चार दिवस. भाऊच्या घरी ओटा नाही बाई, माणूस तिथी कसं राहीन." मग जरा थांबून म्हणाली, "अन् तुम्ही अजून खाऊ नाही ओळखला. आता हरल्या म्हणा, नाही तं येत्या साली यापेक्षा कठीण करीन."

पोरी एकदम ओरडायला लागल्या, हरलो नाही, अजून एक चान्स. ताईनं डोळ्यांना पदर लावला, आणि चिलट गेलं म्हणाली.

थोड्या वेळानं आईला आठवलं की मी तिथे आहे. तिनं खांबाकडे पाहून म्हटलं, "तू जाय रे आता, तुले उशीर होईन. इथी बायामाणसात काय बसला."

मी उठलो. गाडी गल्लीतून हातानं ढकलत टोकापर्यंत नेली, सुरू केली नाही. बंगल्याच्या फाटकापाशी उभा राहिलो. मागे पुन्हा गाणं सुरू झालं होतं. अंधारात त्यातला ताईचा आवाज कुठला, पोरींचा कुठला, आईसुद्धा म्हणत होती का, ते मला इतक्या लांबून वेगळं काढता येईना. मी बराच वेळ प्रयत्न करत उभा राहिलो.